पहिल्या दहा चाली: बुद्धिबळ शिकणाऱ्या नव्या खेळाडूसाठी

सांगली-साताऱ्याकडे बुद्धिबळ बहुतेकांना घरातच कळतं. आजोबा किंवा काका पट मांडतात, हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं एवढं सांगतात आणि डाव सुरू होतो. ही सुरुवात चांगलीच आहे. अडचण पुढे येते. घरी शिकलेले काही नियम देशी पद्धतीचे असतात आणि स्पर्धेत किंवा मोबाईलवर ते चालत नाहीत. दुसरी अडचण त्याहून मोठी. नवा खेळाडू चार-पाच ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक मांडण्यांच्या, चाली पाठ करतो, समोरच्याने तिसऱ्याच चालीला वेगळं काही खेळलं की गोंधळतो आणि दहाव्या चालीपर्यंत एखादा मोहरा फुकट देऊन बसतो. चाली पाठ करण्याआधी प्रत्येक चाल कशासाठी आहे हे कळायला हवं. ते कळलं की चाली आपोआप लक्षात राहतात, आणि विसरल्या तरी फारसं बिघडत नाही.

आधी नियम नीट करून घ्या

देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. आंतरराष्ट्रीय नियमात मूळ जागेवरचं प्यादं पहिल्यांदा हलताना एक किंवा दोन घरं जाऊ शकतं. या दोन घरांमुळेच 'आँ पासाँ' नावाचा नियम आला. तुमचं प्यादं पाचव्या ओळीत आहे (काळ्याचं असेल तर चौथ्या) आणि शेजारच्या पट्टीतलं समोरच्याचं प्यादं दोन घरं उडी घेऊन त्याच्या बाजूला येऊन उभं राहिलं, तर ते एकच घर आलं होतं असं समजून तुम्ही ते मारू शकता. पण लगेच, पुढच्याच चालीला. एक चाल थांबलात की हक्क गेला.

देशी डावात शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळते. इथे ती नाही. त्याऐवजी कॅसलिंग आहे, जुन्या मराठीत किल्लेकोट. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडच्या लगतच्या घरात येतो. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मध्ये कुणी नसावं, राजाला शह नसावा, तो ज्या घरावरून जाणार आणि जिथे थांबणार त्या घरांवर समोरच्याचा मारा नसावा. हत्तीवर मारा असला तर चालतो, इथे बरेच जण चुकतात. स्पर्धेत आधी राजाला हात लावा आणि एकाच हाताने दोन्ही मोहरे हलवा. हत्तीला आधी हात लावलात तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही.

तिसरा फरक प्याद्याच्या बढतीचा. देशी पद्धतीत प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तोच मोहरा होतं. इथे ते वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी हवं ते होतं, तुमचा मूळ वजीर पटावर असला तरीही. दोन वजीर चालतात. फक्त उलटा हत्ती ठेवून 'हा वजीर' म्हणू नका. स्पर्धेत तो हत्तीच धरला जातो. खरा वजीर हातात नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडून मागून घ्या. आणि राजा एकटा उरला की काही घरांत 'बुर्जी' म्हणून डाव सोडतात, तसं इथे नाही. मात करायला पुरेसं बळ असेल तर मात होईपर्यंत खेळायचं. मात्र समोरच्याच्या राजाला शह नसताना त्याला एकही कायदेशीर चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. जिंकत आलेले डाव नवे खेळाडू इथेच घालवतात.

देशी नियमांवर वाढलेल्यांनी हे ओझं समजू नये. मीर सुलतान खान देशी बुद्धिबळावरच तयार झाला, मग इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ या तीन वर्षी ब्रिटिश विजेता ठरला. ओपनिंगची माहिती त्याच्याकडे तोकडीच होती, पण पट वाचायची नजर पक्की होती.

पट मांडणे आणि चाली लिहिणे

पट असा ठेवा की दोघांच्याही उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं येईल. वजीर आपल्याच रंगाच्या घरात, पांढरा पांढऱ्यात, काळा काळ्यात. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी अक्षरं आहेत आणि त्याच्या बाजूने वर जाताना आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. पांढरा राजा ई१ वर, काळा राजा ई८ वर. 'ई४' लिहिलं तर प्यादं ई४ ला गेलं, 'घोडा एफ३' म्हणजे घोडा एफ३ ला, 'घोडा ई५ मारतो' म्हणजे घोडा ई५ वर जाऊन तिथला मोहरा किंवा प्यादं मारतो. आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची. '३...' म्हणजे काळ्याची तिसरी चाल. '!' ही चांगल्या चालीची खूण, '?' चुकीची. पहिल्या दिवसापासून आपले डाव वहीत लिहा. सुरुवातीला हात अडखळतो, पाच-सहा डावांत बसतो.

पट घ्यायचाच असेल तर गुंडाळता येणारा, ५ ते ६ सेंटिमीटरच्या घरांचा आणि साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंचीच्या राजाचा घ्या. स्पर्धेत असाच असतो. छोट्या चुंबकी पटावर शिकलेल्या मुलांची नजर मोठ्या पटावर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत चुकते, लांबून तिरका येणारा उंट त्यांना दिसतच नाही.

मोहऱ्यांची किंमत आणि जोर

प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. राजाला किंमत नाही कारण तो गेला की डावच गेला. हे आकडे देवाणघेवाणीसाठी आहेत: हत्ती देऊन उंट घेतला तर दोनचा तोटा, दोन लहान मोहरे (घोडा किंवा उंट) देऊन हत्ती आणि प्यादं घेतलं तर कागदावर बरोबर, पण सुरुवातीच्या खेळात ते दोन मोहरेच बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतात.

मोहरा कुठे उभा आहे त्यावरही त्याची ताकद ठरते. मधल्या घरातला घोडा ८ घरांवर मारा करतो, काठावरचा ४ किंवा ३, कोपऱ्यातला फक्त २. रिकाम्या पटावर उंटाला मध्यात १३ घरं मिळतात आणि कोपऱ्यात ७. हत्तीला मात्र कुठूनही १४. डी४, ई४, डी५, ई५ या चार घरांसाठी सगळी धडपड असते ती यासाठीच.

आता जोर. आपल्याकडचा हा शब्द फार नेमका आहे. एखाद्या मोहऱ्याला जोर आहे म्हणजे तो मारला तर परत मारता येईल. एका घरावर समोरच्याचे किती मारे आणि आपला किती जोर हे मोजायला शिका. एका प्याद्यावर दोन मारे आणि दोन जोर असतील तर प्यादं सहसा टिकतं. तीन मारे, दोन जोर असतील तर पडतं. पण मोजताना किंमतही बघा. जोर प्याद्याचा असेल आणि समोरचा घोड्याने मारणार असेल, तर मारे कितीही असले तरी पहिल्याच देवाणघेवाणीत त्याचे तीन जातात आणि तुमचा एक.

हे एका जागी नीट बघू.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३

पांढऱ्याच्या घोड्याचा ई५ च्या प्याद्यावर मारा आला. त्या प्याद्याला कुणाचाही जोर नाही. काळा जोर सहा तऱ्हांनी देऊ शकतो आणि त्यातल्या चार वाईट आहेत. वजीर ई७ वर आणला तर एफ८ चा उंट घरात कोंडला. वजीर एफ६ वर आणला तर घोड्याची सगळ्यांत चांगली जागा वजिराने खाल्ली. उंट डी६ वर ठेवला तर डी७ चं प्यादं अडलं आणि त्याच्या मागे सी८ चा उंटही अडकला. प्यादं एफ६ ही नव्यांची आवडती चाल, कारण प्याद्याने प्याद्याला जोर दिला हे सुरक्षित वाटतं. पण ३. घोडा ई५ मारतो! काळ्याने एफ६ च्या प्याद्याने घोडा मारला तर ४. वजीर एच५ शह. आता जी६ ने शह अडवला तर वजीर ई५ चं प्यादं शह देऊन घेतो आणि तिथून एच८ च्या हत्तीवरही असतो, हत्ती गेला. राजा ई७ ला पळाला तर वजीर ई५ शह, राजा एफ७, उंट सी४ शह, आणि राजा मोकळ्या मैदानात एकटा. एफ७ चं प्यादं राजाचं दार आहे, ते उघडू नका.

उरल्या दोन चांगल्या चाली. डी६ टिकते, पण एफ८ चा उंट काहीसा दबतो. घोडा सी६ जोरही देतो, मध्यावर ताबाही ठेवतो आणि कुणाची वाट अडवत नाही. एका चालीत तीन कामं झाली. ओपनिंगमधली प्रत्येक चाल याच मापाने तपासा: हिने काय दिलं, आणि कुणाची वाट अडवली?

पांढऱ्याकडून: इटालियन

नव्या खेळाडूला पांढऱ्याकडून इटालियनच शिकवावं, हे आमचं ठाम मत आहे. लंडन सिस्टीम (डी४ आणि मग उंट एफ४) सोपी वाटते कारण समोरचा काहीही खेळला तरी पांढरा त्याच चाली खेळतो, आणि म्हणूनच ती खेळणारं मूल समोर काय चाललंय ते बघायला शिकत नाही.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४

उंटाची नजर एफ७ वर आहे. त्या घराला सुरुवातीला फक्त राजाचाच जोर असतो, म्हणून ते काळ्याचं सगळ्यांत कच्चं घर. पांढऱ्याचं एफ२.

३... उंट सी५ ४. सी३

हे प्यादं पुढे डी४ ची तयारी करतं, काळ्याच्या घोड्याला बी४ आणि डी४ ची घरं बंद करतं, आणि सी४ च्या उंटासाठी बी३ वरून सी२ ला जायची वाट मोकळी ठेवतं.

४... घोडा एफ६ ५. डी३

काळ्याच्या घोड्याचा ई४ च्या प्याद्यावर मारा आला, म्हणून डी३ ने जोर दिला. ही चाल विसरलात तर प्यादं जातं, आणि नव्यांच्या डावांत ते अगदी याच जागी जातं.

५... डी६ ६. कॅसलिंग कॅसलिंग ७. हत्ती ई१ ए६ ८. उंट बी३ उंट ए७ ९. एच३

उंट बी३ वर गेला कारण काळ्याचा घोडा ए५ ला आला असता तर घोड्याच्या बदल्यात उंट द्यायची किंवा तो मागे न्यायची वेळ आली असती. आता तो आला तर उंट सी२ ला जातो. एच३ ने काळ्याच्या उंटाला जी४ वर येऊन घोडा पिन करायला, म्हणजे मागच्या वजिरामुळे त्याला जागीच जखडायला, जागा राहिली नाही. पण एच३ उगीच खेळायची नाही. काळ्याने कॅसलिंग केलेलं नसेल तर तो जी५, जी४ ढकलून हेच प्यादं धरून तुमच्या राजावर येतो. पुढची योजना: बी१ चा घोडा डी२ वर, तिथून एफ१ वर, तिथून जी३ वर. तीन चाली लागतात, पण घोडा राजाच्या बाजूला येऊन बसतो आणि मग डी४ ची वेळ येते.

एक चूक इथे फार बघायला मिळते. काळ्याने ३... उंट सी५ खेळताच मूल एफ७ वर दोन मोहरे आणायच्या उत्साहात ४. घोडा जी५ खेळतं. घोडा गेला. काळ्याचा वजीर डी८ वरून ई७, एफ६ अशा मोकळ्या तिरक्या रेघेने थेट जी५ पर्यंत पोचतो. घोडा जी५ ही चाल तेव्हाच खेळता येते जेव्हा काळ्याचा घोडा एफ६ वर येऊन ती रेघ बंद करतो.

आणि तसं होतं तेव्हा, म्हणजे ३... घोडा एफ६ झाल्यावर, ४. घोडा जी५ डी५ ५. ई प्याद्याने डी५ मारलं, तर काळ्याने ते प्यादं एफ६ च्या घोड्याने परत मारू नये. ५... घोडा डी५ मारतो ६. घोडा एफ७ मारतो! राजाने घोडा मारला की ७. वजीर एफ३ शह. वजीर राजावर आणि डी५ च्या घोड्यावर एकाच वेळी आला. घोडा राखायचा तर काळ्या राजाला ई६ वर, पटाच्या मध्यावर यावं लागतं. काळ्याकडून खेळताना ५... घोडा ए५ लक्षात ठेवा. सी४ च्या उंटावर मारा येतो, ६. उंट बी५ शह सी६ ७. डी प्याद्याने सी६ मारलं, बी प्याद्याने परत मारलं. काळ्याचं एक प्यादं कमी, पण पांढऱ्याचा उंट परत हाकलला जातो आणि काळ्याचे मोहरे मोकळे होतात. पांढऱ्याकडून ज्यांना हे सगळं नको, त्यांनी ४. डी३ खेळून नेहमीच्या वाटेने जावं.

काळा ई५ खेळला नाही तर? सिसिलियन, म्हणजे १... सी५, याला घोडा एफ३, मग डी४, प्यादं मारून घेतल्यावर घोड्याने परत मारा, मग दुसरा घोडा सी३. इथे उंट सी४ ची घाई नको, काळ्याची ई६ आणि डी५ ही प्यादी त्याला ढकलून देतात. फ्रेंच, १... ई६, याला डी४ आणि डी५ वर प्यादं मारून घ्या. कॅरो-कान, १... सी६, यालाही तेच, मग उंट डी३, म्हणजे काळ्याच्या उंटाला एफ५ वर सुखाने बसता येत नाही. पहिल्या वर्षी एवढं पुरे.

फसवणुकीच्या चाली

मोबाईलवर पहिल्या महिन्यात या भेटतातच, म्हणून उत्तरं पाठ ठेवा.

वजीर एच५. १. ई४ ई५ २. वजीर एच५. घाबरून जी६ खेळू नका, वजीर ई५ शह देऊन एच८ चा हत्ती घेतो. घोडा सी६ खेळा. मग ३. उंट सी४ आला की एफ७ वर मात दिसते. आता जी६. वजीर एफ३ ला गेला की पुन्हा तीच धमकी, घोडा एफ६ ने ती बंद करा. पांढऱ्याच्या वजिराने इतक्या चाली घेतल्या, तुमचे मोहरे मात्र चांगल्या घरात आले. ३. उंट सी४ नंतर घोडा एफ६ खेळलात, वजीर पळेल म्हणून, तर वजीर एफ७ घेऊन मात करतो. चारच चालींत डाव संपतो.

घोडा डी४. इटालियनमध्ये ३. उंट सी४ नंतर काळा घोडा डी४ वर टाकतो आणि ई५ चं प्यादं फुकट सोडल्यासारखं दिसतं. ४. घोडा ई५ मारतो? वजीर जी५! आता वजीर घोड्यावर आणि जी२ वर, दोन्हीकडे. ५. घोडा एफ७ मारतो, वजीर जी२ मारतो ६. हत्ती एफ१, वजीर ई४ शह ७. उंट ई२, घोडा एफ३ मात. पांढऱ्याचं साधं उत्तर ४. घोड्याने डी४ चा घोडा मारा, ई प्यादं परत मारेल, मग कॅसलिंग. पांढऱ्याची बाजू छान आहे.

काळ्याकडून डी४ ला

१. डी४ डी५ २. सी४. हा क्वीन्स गॅम्बिट. सी४ चं प्यादं फुकट दिसतं. मारलं तर चालतं, पण ते राखायचा हट्ट धरू नका. २... डी प्याद्याने मारलं ३. ई३ बी५? ४. ए४ सी६? ५. ए प्याद्याने बी५ मारलं, सी प्याद्याने परत मारलं ६. वजीर एफ३! वजीर थेट ए८ च्या हत्तीवर, आणि हत्ती वाचवायला एक मोहरा द्यावाच लागतो.

त्यापेक्षा २... ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. उंट जी५ उंट ई७ ५. ई३ कॅसलिंग ६. घोडा एफ३ घोडा डी७, म्हणजे बी८ चा घोडा. भक्कम उभारणी आहे. दबलेला मोहरा एकच, सी८ चा उंट, आणि पुढे सी५ ढकलून डाव मोकळा करायचा. इथे काळ्यासाठी एक गमतीची जागा आहे, तिला एलिफंट ट्रॅप म्हणतात. पांढऱ्याने ४. उंट जी५ खेळल्यावर काळा उंट ई७ ऐवजी घोडा डी७ खेळतो. ५. सी प्याद्याने डी५ मारलं, ई प्याद्याने परत मारलं ६. घोडा डी५ मारतो? एफ६ चा घोडा पिन आहे असं पांढरा समजतो. पण काळा त्याच घोड्याने डी५ मारतो! ७. उंट डी८ चा वजीर घेतो, आणि उंट बी४ शह. पांढऱ्याला वजीर डी२ वर मध्ये घालावाच लागतो. काळ्याचा उंट तो वजीर घेतो, पांढरा राजा त्या उंटाला मारतो, काळ्याचा राजा डी८ चा उंट मारतो. हिशेब करा, काळा एका प्याद्याच्या बदल्यात एक मोहरा वर आहे. पिनच्या मागे राजा असेल तरच मोहरा खरोखर जखडलेला असतो, मागे वजीर असेल तर तो सुटू शकतो.

लंडन, म्हणजे २. उंट एफ४, याला सी५, घोडा सी६ आणि वजीर बी६. उंट सी१ सोडून गेला म्हणून बी२ चा जोर गेला आहे, तिथेच बोट ठेवा.

दहाव्या चालीनंतर

ओपनिंग संपलं हे ओळखायची खूण अशी: राजा कॅसल झाला, दोन्ही घोडे आणि दोन्ही उंट घरातून बाहेर आले, आणि दोन हत्तींच्या मध्ये कुणी उरलं नाही. तोवर एकच मोहरा कारणाशिवाय दोनदा हलवू नका. पुढे काय खेळावं सुचत नसेल तर आपला सगळ्यांत निकामी मोहरा शोधा आणि त्याला चांगलं घर द्या. प्यादी नसलेली पट्टी दिसली तर हत्ती तिथे आणा. एक मोहरा वर असाल तर मोहरे मारामारीत संपवा, प्यादी राखा. एक मोहरा खाली असाल तर उलट.

प्रत्येक चालीआधी दोन्ही बाजूंनी तीन गोष्टी याच क्रमाने बघा: शह, मार, धमकी. समोरच्याला शह देता येईल का, काय मारता येईल, चालीने काय धमकी येते. मग तेच त्याच्या खुर्चीतून. शहाला काटशह सुचतो तो इथूनच. सुरुवातीला यात वेळ जातो, म्हणून ३ किंवा ५ मिनिटांचे डाव पहिले सहा महिने टाळा. १५ मिनिटं आणि चालीला १० सेकंद असे डाव खेळा. लिचेस या वेबसाईटवर हे फुकट मिळतात, कोडीही तिथेच आहेत. दिवसाला १०-१५ मिनिटं कोडी आणि एक डाव.

शेवटच्या खेळातल्या तीन गोष्टी ओपनिंगइतक्याच लवकर शिका: राजा-वजिराने एकट्या राजाला मात, राजा-हत्तीने मात, आणि एका प्याद्याने जिंकताना राजाला प्याद्याच्या पुढे चालवणे. वजिराने मात करताना राजाला कोपऱ्यात ढकलून आपला राजा जवळ आणा, आणि दर चालीला बघा, त्याला एक तरी घर उरलंय ना. तो ए८ वर एकटा असेल आणि तुमचा वजीर बी६ वर आला, तर शह नाही आणि चालही नाही. डाव बरोबरीत.

पहिल्या स्पर्धेला जाताना

सांगलीत बुद्धिबळाचं वातावरण जुनं आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने इथे पिढ्या घडवल्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती झालेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथल्याच. म्हणून सांगली, मिरज किंवा साताऱ्याच्या मुलांना डाव बघायला फार लांब जावं लागत नाही. आधी एकदा नुसतं बघायला जा. खेळाडू कसे बसतात, घड्याळ कसं दाबतात, पंच कधी येतात, हे डोळ्याला सवयीचं होऊ द्या. रेटेड स्पर्धेसाठी, म्हणजे जिच्या निकालावर खेळाडूचं रेटिंग (ताकदीचा आकडा) ठरतं तिच्यासाठी, अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंदणी लागते. तिची घाई नको, बिनरेटिंगच्या दोन-तीन स्पर्धा आधी खेळा.

मोहऱ्याला हात लावला की तोच खेळायचा. नीट ठेवायचा असेल तर आधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणा, मग हात लावा. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबा. नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबलंत तर पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्या वेळी डाव जातो. चाल आधी पटावर करा, मग लिहा. आधी लिहून मग खेळणं नियमात बसत नाही. मोबाईल खिशात ठेवू नका, बंद असला तरी. घरच्यांकडे द्या.

डाव संपला, जिंकलात की हरलात, सही केलेला चालींचा कागद जपून ठेवा. शक्य असेल तर समोरच्या खेळाडूलाच हॉलच्या बाहेर बसवून दोघे तो डाव पुन्हा मांडा. तो काय बघत होता ते विचारा. मग घरी वहीत पहिल्या दहा चालींपाशी खूण करा: कुठे एकच मोहरा दोनदा हलला, कुठे जोर मोजायचा राहिला. कॉम्प्युटरला दाखवायचं ते त्यानंतर.